आवडत्या बँडच्या गाण्यातले कॉर्ड आणि बोटांच्या जागा कानाने कशा शोधायच्या

गाण्याचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) कोणते हे कळलं म्हणजे गाणं हातात आलं असं होत नाही. डी मेजर फ्रेटबोर्डवर, म्हणजे गिटारच्या दांड्यावर, अनेक ठिकाणी वाजतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा रंग वेगळा असतो. म्हणूनच नेटवरून घेतलेली कॉर्डची यादी अगदी बरोबर असली, तरी वाजवल्यावर ‘रेकॉर्डिंगसारखं वाटत नाही’ असं होतं. यादी फक्त नाव देते. गिटारवादकाची बोटं नेमकी कुठे होती, हे कानानेच शोधावं लागतं.

त्यासाठी या लेखात एकच सूत्र वापरलं आहे. कॉर्डमधला सर्वांत खालचा स्वर त्याचं नाव सांगतो, मधला एक स्वर तो मेजर की मायनर हे सांगतो आणि सर्वांत वरचा स्वर बोटांची जागा सांगतो. याच क्रमाने ऐकलं तर गोंधळ बराच कमी होतो.

लेखातले आकडे असे वाचा: पहिली तार म्हणजे सर्वांत बारीक आणि सहावी म्हणजे सर्वांत जाड. कॉर्ड लिहिताना सहाव्या तारेपासून सुरुवात केली आहे. आकडा म्हणजे फ्रेट (दांड्यावरचा कितवा कप्पा), ० म्हणजे मोकळी तार आणि × म्हणजे न वाजवायची तार. उदाहरणार्थ, साधा सी मेजर: ×-३-२-०-१-०.

आधी गिटार रेकॉर्डिंगला जुळवा

ट्यूनरवर गिटार अचूक लावली, तरी ती गाण्याशी जुळेलच असं नाही. ट्यूनर ए हा स्वर ४४० हर्ट्झ धरतो. टेपवर ध्वनिमुद्रित झालेली जुनी गाणी टेपच्या वेगामुळे कधी थोडी चढी, कधी थोडी उतरी असतात. अशा गाण्याबरोबर वाजवताना प्रत्येक कॉर्ड किंचित बेसूर लागतो आणि नवशिका बिचारा बोटं बदलत बसतो. एक लांब स्वर निवडा, तो गिटारवर शोधा. तो दोन फ्रेटच्या मध्ये कुठेतरी आहे असं वाटलं तर दोष ट्यूनिंगचा आहे. अशा वेळी गिटार बिघडवण्यापेक्षा रेकॉर्डिंगचा पिच बदलणं सोयीचं पडतं. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पिच (स्वराची उंची) आणि वेग वेगवेगळे बदलता येतात आणि ते मोफत आहे. एका फ्रेटचं अंतर म्हणजे १०० सेंट. वीस-तीस सेंटचा फरकसुद्धा कानाला टोचतो.

दुसरी शक्यता म्हणजे बँडने गिटारच उतरवून लावलेली असते. जिमी हेंड्रिक्स आणि गन्स अँड रोझेस यांच्या बऱ्याच गाण्यांत सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवलेल्या आहेत. ब्लॅक सबाथचा गिटारवादक टोनी आयोमी याने १९७१ पासून काही गाण्यांत तारा दीड स्वराने, म्हणजे तीन फ्रेट, खाली आणल्या. कारखान्यातल्या अपघातात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली होती आणि सैल तारा दाबायला सोप्या जात. हे ओळखायची खूण सोपी आहे. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये गिटारचा सर्वांत खालचा स्वर ई असतो. त्याहून खालचा ई फ्लॅट (फ्लॅट म्हणजे एक फ्रेट खाली) किंवा डी गिटारवर स्पष्ट ऐकू आला, तर तार उतरवलेलीच आहे. तो स्वर गिटारचाच आहे, बेस गिटारचा नाही, एवढी खात्री मात्र करून घ्या.

ऐकण्याची तयारी

फोनचा स्पीकर या कामाला चालत नाही. त्याच्यातून खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत. आपण ऐकतो ते त्यांचे वरचे पडसाद, आणि मग सप्तकाची चूक होते. साधे असले तरी हेडफोन लावा. बऱ्याच बँडच्या ध्वनिमुद्रणात एक गिटार डाव्या कानात आणि दुसरी उजव्या कानात ठेवलेली असते. हेडफोनचा एक कान काढला की अर्धा गुंता तिथेच सुटतो.

वेग ७० टक्क्यांवर आणा, फार तर ५० वर. त्याखाली आवाज इतका विरघळतो की त्यात नसलेले स्वर ऐकू यायला लागतात. दोन ते चार सेकंदांचा तुकडा निवडून तो सतत फिरत ठेवा. संपूर्ण गाणं पुन्हा पुन्हा ऐकण्यात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही.

कॉर्ड शोधण्याआधी गाण्याचा आराखडा कागदावर उतरवा: इंट्रो (सुरुवात), व्हर्स (अंतरा), कोरस (ध्रुवपद), ब्रिज (मधला वेगळा भाग), आणि प्रत्येकात किती मात्रांचे किती बार (ठेक्याची आवर्तनं). पायाने ठेका धरून एक-दोन-तीन-चार मोजा. कॉर्ड कुठल्या मात्रेवर बदलतो तिथे रेघ मारा. कॉर्डचं नाव अजून माहीत नसलं तरी हरकत नाही. बहुतेक गाण्यांत व्हर्सचे चार किंवा आठ बार पुन्हा पुन्हा येतात. ते एकदा सुटले की निम्मं गाणं सुटतं.

पहिलं पाऊल: खालचा स्वर

बेस गिटार काय वाजवते आहे ते ऐका. कॉर्ड बदलतो त्या पहिल्या ठोक्यावर बेस बहुतेक वेळा कॉर्डचा मूळ स्वर वाजवते. तो स्वर आधी तोंडाने गुणगुणा, मग सहाव्या किंवा पाचव्या तारेवर शोधा. न गुणगुणता थेट तारेवर चाचपडलं तर प्रत्येक फ्रेट ‘जवळपास बरोबर’ वाटतो. गळ्यातून आलेला स्वर कानात पक्का बसतो, म्हणून ही पायरी सोडू नका.

या दोन तारांवरचे स्वर पाठ हवेत. शार्प म्हणजे एक फ्रेट वर.

सहावी तार: ० ई, १ एफ, २ एफ शार्प, ३ जी, ४ जी शार्प, ५ ए, ६ ए शार्प, ७ बी, ८ सी.

पाचवी तार: ० ए, १ ए शार्प, २ बी, ३ सी, ४ सी शार्प, ५ डी, ६ डी शार्प, ७ ई, ८ एफ.

बेस गिटार गिटारपेक्षा एक सप्तक खाली वाजते. तिचा आवाज धूसर येत असेल, तर रेकॉर्डिंगचा पिच बारा अर्धस्वरांनी वर न्या. बेस गिटारच्या पट्टीत येते आणि एकेक स्वर स्वच्छ ऐकू येतो. गायक खारीसारखा ऐकू येईल, त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

खालचे सगळे स्वर लिहून झाले की गाण्याचा ‘सा’ शोधा. कोरसच्या शेवटी किंवा गाणं संपताना जिथे आल्यावर घरी पोचल्यासारखं वाटतं, तोच बहुधा सा. सा सापडला की संभाव्य कॉर्डचं कुटुंब हातात येतं. सा जी असेल तर जी, ए मायनर, बी मायनर, सी, डी आणि ई मायनर. सा सी असेल तर सी, डी मायनर, ई मायनर, एफ, जी आणि ए मायनर. रॉक बँड या कुटुंबाबाहेरचा एक पाहुणा आवर्जून बोलावतात: सा च्या दोन फ्रेट खालचा मेजर. जीच्या गाण्यात एफ मेजर आला म्हणून दचकू नका. कुटुंबाचा उपयोग अंदाजापुरता करा. शेवटचा निर्णय कानाचाच.

दुसरं पाऊल: मेजर, मायनर की आणखी काही

आपल्याकडच्या कानाला हे सोपं जातं. मेजर म्हणजे शुद्ध ग, मायनर म्हणजे कोमल ग. गिटारवर याची एक चांगली तपासणी आहे. समजा खालचा स्वर जी मिळाला. ३-५-५-×-×-× एवढाच पॉवर कॉर्ड (फक्त सा आणि प) धरा. यात ग नाही, म्हणून तो मेजर-मायनर दोन्हींबरोबर जुळतो. तुकडा फिरत ठेवा आणि तिसऱ्या तारेवर एकेक फ्रेट वाजवून बघा. चौथा फ्रेट जुळला तर मेजर, तिसरा जुळला तर मायनर. पाचवा जुळला तर सस फोर (ग च्या जागी म) आणि दुसरा जुळला तर सस टू (ग च्या जागी रे). एकाच तारेवरच्या चार फ्रेटमध्ये चार उत्तरं आहेत. मूळ स्वर पाचव्या तारेवर असेल, उदाहरणार्थ सी, तर ×-३-५-५-×-× धरून दुसऱ्या तारेवर पाचवा फ्रेट मेजर आणि चौथा मायनर.

सेव्हन्थ (कॉर्डमध्ये नि सुद्धा) असल्याची शंका आली तर जीच्या त्याच आकारात चौथ्या तारेवरचं बोट पाचवरून तिसऱ्या फ्रेटवर आणा. जुळलं तर जी सेव्हन. चौथ्या फ्रेटवर जुळलं तर मेजर सेव्हन.

जोरदार डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाटका, खरखरीत केलेला आवाज) असलेल्या गाण्यांत कोणताच ग जुळत नाही असंही होईल. तिथे बहुधा मुळातच पॉवर कॉर्ड आहे. अशा ठिकाणी पूर्ण मेजर कॉर्ड घालण्याचा मोह होतो, पण डिस्टॉर्शनमध्ये ग घातला की आवाज चिखलासारखा होतो. बँडने तो टाळला आहे, तुम्हीही टाळा. मेजर-मायनरचा भाव तिथे गायकाची चाल देते.

खालचा स्वर फसवतो तेव्हा

नवशिके सर्वाधिक अडखळतात ती जागा ही. सीच्या गाण्यात बेस सी, बी, ए अशी एकेक पायरी उतरते. सरळ हिशोबाने सी, बी मायनर, ए मायनर असं लिहिलं जातं आणि मधला कॉर्ड काही केल्या जुळत नाही. तिथे असतो जी कॉर्ड, फक्त त्याचा सर्वांत खालचा स्वर बी ठेवलेला: ×-२-०-०-३-३. बी मायनरमध्ये बी, डी आणि एफ शार्प असतात; जीमध्ये बी, डी आणि जी. फरक एकाच स्वराचा आहे. एफ शार्प वाजवून बघा, मग जी वाजवून बघा. जो गाण्यात विरघळतो तो खरा. शिवाय एफ शार्प सीच्या सप्तकात नाही, हाही इशारा समजावा.

असाच दुसरा नेहमीचा कॉर्ड म्हणजे एफ शार्प खाली ठेवलेला डी: २-०-०-२-३-२. जी आणि ई मायनर यांच्या मध्ये तो वारंवार येतो. काही वादक सहाव्या तारेवरचा स्वर अंगठा वरून वळवून दाबतात. हात लहान असेल तर पहिली तार सोडून द्या आणि २-×-०-२-३-× असा धरा: मधलं बोट सहाव्या तारेवर, तर्जनी तिसऱ्या तारेवर, अनामिका दुसऱ्या तारेवर. मधल्या बोटाच्या पोटाने पाचवी तार आपोआप दबून गप्प राहते.

तिसरं पाऊल: वरचा स्वर आणि बोटांची जागा

आता डी मेजरकडेच बघा. मोकळा डी ×-×-०-२-३-२, पाचव्या फ्रेटवरचा बार कॉर्ड (तर्जनी तारांवर आडवी दाबून धरलेला; ठेक्याच्या बारशी याचा संबंध नाही) ×-५-७-७-७-५ आणि दहाव्या फ्रेटवरचा बार १०-१२-१२-११-१०-१०. तिन्हींचा सर्वांत खालचा स्वर एकच आहे, सप्तकसुद्धा तेच. म्हणजे खालून ऐकून काहीच कळणार नाही. वरचे स्वर मात्र वेगळे: पहिल्यात एफ शार्प, दुसऱ्यात ए, तिसऱ्यात डी. म्हणून कॉर्डचा वरचा स्वर गुणगुणा आणि पहिल्या तारेवर शोधा. तो कुठे सापडला यावरून आकार ठरतो.

वरचा स्वर ऐकायची उत्तम जागा म्हणजे वरच्या दिशेने मारलेला स्ट्रोक. त्यात बारीक तारा आधी वाजतात. गाण्याचा शेवटचा कॉर्ड लांबवलेला असेल तर तोही उपयोगी. कुठे एकेक तार छेडलेली असेल तर ती सोन्याची खाण समजा, कारण तिथे संपूर्ण कॉर्ड सुटा करून ठेवलेला असतो.

आणखी काही खुणा लक्षात ठेवा. कॉर्ड बदलतानाही एखादी तार वाजत राहिली तर तिथे मोकळी तार आहे. सगळे स्वर एकदम कापल्यासारखे थांबले तर बार कॉर्ड. पूर्ण कॉर्ड घसरत वर गेला तर नक्कीच बार. आणि चार कॉर्ड बदलले तरी वरचे दोन स्वर जागेवरच राहिले, तर अनामिका आणि करंगळी दुसऱ्या व पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटवर रुतून बसली आहेत असं समजा. असे कॉर्ड म्हणजे ०-२-२-०-३-३, ३-२-०-०-३-३, ×-३-२-०-३-३ आणि ×-×-०-२-३-३. खालची दोन बोटं हलतात, वरची दोन हलत नाहीत. इथे साधे ई मायनर, जी, सी, डी वाजवले तर कॉर्ड ‘बरोबर’ असूनही गाण्याचा सगळा झुळझुळीतपणा जातो.

कॅपो आहे का, कितव्या फ्रेटवर

कुटुंबात बी, एफ शार्प, ई फ्लॅट असे अवघड कॉर्ड निघाले आणि तरीही मोकळ्या तारांचा खणखणाट ऐकू येत असेल, तर कॅपोचा (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून ठेवणाऱ्या चिमट्याचा) संशय घ्या. समजा गाण्यात बी, ई आणि एफ शार्प हे तीन कॉर्ड आहेत. शक्यता दोन: कॅपो दुसऱ्या फ्रेटवर आणि ए, डी, ई हे आकार, किंवा कॅपो चौथ्यावर आणि जी, सी, डी हे आकार.

बी कॉर्डचा खालचा स्वर दोन्हीकडे तोच पडतो. ईच्या बाबतीत तर खालचाही तोच आणि वरचाही तोच, त्यामुळे ईवर वेळ घालवू नका. बीचा वरचा स्वर ऐका: दुसऱ्या फ्रेटच्या कॅपोवर तो एफ शार्प येतो, चौथ्या फ्रेटच्या कॅपोवर बी. एफ शार्प कॉर्ड तर निकालच देतो. कॅपो दुसऱ्यावर असेल तर त्यात सहाव्या तारेचा जाड, खालचा एफ शार्प वाजतो. चौथ्यावर कॅपो असताना गिटार जी शार्पच्या खाली उतरूच शकत नाही, त्यामुळे तो स्वर तिथे अशक्य आहे. मग त्या गाण्यात एफ शार्प चौथ्या तारेवरून, एक सप्तक वर सुरू होईल. मात्र इथेही बेस गिटारचा स्वर गिटारचा समजू नका.

हाच विचार कोणत्याही गाण्याला लावता येतो. गिटारवर ऐकू आलेला सर्वांत खालचा स्वर कॅपोची वरची मर्यादा ठरवतो.

दोन ठिकाणी मात्र हे गणित बिघडतं. बारा तारांच्या गिटारीत जाड तारांच्या जोडीला एक सप्तक वरच्या तारा असतात. तिसऱ्या जोडीतला वरचा जी मोकळ्या पहिल्या तारेच्याही वर जातो, त्यामुळे ‘सर्वांत वरचा स्वर’ फसवतो. आणि ट्यूनिंगच वेगळं असेल तर नेहमीचे आकार शोधून सापडणार नाहीत. रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स सहावी तार काढून टाकून उरलेल्या पाच तारा जी-डी-जी-बी-डी अशा लावतो. सगळे मेजर कॉर्ड एका सरळ बोटाने धरल्यासारखे एकाच साच्यात वाजत असतील, तर आधी वादक कोणत्या ट्यूनिंगमध्ये वाजवतो ते बघा.

मैफिलीच्या व्हिडिओतून हात बघणं नक्कीच उपयोगी आहे, पण एक लक्षात ठेवा: गायकाच्या गळ्यासाठी बँड मंचावर पट्टी उतरवतात. आकार व्हिडिओतून घ्या, पट्टी रेकॉर्डिंगमधून.

कोणतं बोट कुठे

फ्रेट कळले की बोटं ठरवा, आणि ती सुट्या कॉर्डवर न ठरवता पुढचा कॉर्ड बघून ठरवा. ए मायनरवरून सीवर जाताना तर्जनी आणि मधलं बोट हलवायचंच नाही. फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर न्यायची. जीनंतर सी येत असेल तर जी मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांनी धरा: मधलं पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका सहाव्यावर तिसऱ्याला, करंगळी पहिल्यावर तिसऱ्याला. मग सीसाठी मधलं बोट आणि अनामिका बारीक तारांच्या बाजूला एकेक तार सरकतात आणि तर्जनी मोकळीच असते. तर्जनीने सुरू होणारा जी या जोडीसाठी वापरला की प्रत्येक बदलाला तिन्ही बोटं उचलावी लागतात, आणि नेमका तिथेच ठेका तुटतो.

डी आणि ए कॉर्डवर करंगळी मोकळी ठेवायची सवय लावा. ×-×-०-२-३-२ वरून ×-×-०-२-३-३ आणि परत, किंवा ×-०-२-२-२-० वरून ×-०-२-२-३-०, ही सजावट बँडच्या गाण्यांत फार आढळते आणि ती करंगळीचंच काम आहे.

दोन गिटारी असतील तर दोघांचे भाग वेगळे लिहा. एकजण मोकळे कॉर्ड छेडतो, दुसरा वर बार धरून छोटे ठोके देतो. दोघांचं मिळून एका हातात बसवायला गेलात तर असा आकार तयार होतो, जो कोणीच कधी वाजवलेला नाही. आधी ठेका धरणाऱ्या गिटारचा भाग घ्या.

पडताळणी

सगळं लिहून झालं की मूळ वेगात, गिटारचा आवाज रेकॉर्डिंगपेक्षा थोडा कमी ठेवून बरोबर वाजवा. चुकलेला कॉर्ड कसा खटकतो, यावरून चूक कुठे आहे ते कळतं. करकरीत, दात आंबल्यासारखा खटकला तर एका फ्रेटची चूक आहे, किंवा मेजर-मायनरची अदलाबदल झाली आहे. खटकत नाही पण पोकळ किंवा उदास वाटतो, तर जवळच्या नातेवाइकाशी गल्लत आहे. सी आणि ए मायनर यांत दोन स्वर सारखे असतात, तसेच जी आणि ई मायनर यांतही. बेस पुन्हा ऐका. कॉर्ड जुळतो पण जाडजूड वाटतो, तर तुम्ही जास्त तारा वाजवत आहात. तीन-चार तारांवर वाजवून बघा.

वहीत गाण्याच्या वरच ट्यूनिंग, कॅपोचा फ्रेट आणि रेकॉर्डिंग कोणतं ते लिहा, आणि कॉर्डच्या नावाखाली सहा आकडे. एखादा कॉर्ड सुटतच नसेल तर तिथे फक्त खालचा आणि वरचा स्वर वाजवून पुढे जा. पुढच्या बैठकीत ताज्या कानाने तोच तुकडा घ्या. थकलेला कान तासाभराने सगळ्यालाच ‘बरोबर’ म्हणायला लागतो.